प्रभारी

उधन्यातल्या एका मराठी शाळेत प्रमिलाबाई देवरे सहा वर्षं प्रभारी मुख्याध्यापिका होत्या. शाळा बंद पडायला आली, तेव्हा कापडाच्या लूमवर कामाला जाणाऱ्या आईबापांच्या खोल्या पालथ्या घालून त्यांनीच मुलं आणली होती. जूनमध्ये बोरसेसर कायम मुख्याध्यापक म्हणून आले आणि त्यांनी मुख्याध्यापकांच्या नावांचा फलक नव्याने रंगवून घेतला. त्यावर बाईंची सहा वर्षं कोरीच राहिली.

"प्रभारींचं नाव लिहायची पद्धत नाही, बाई," सर म्हणाले. "मनाला लावून घेऊ नका."

त्याच दुपारी बाईंनी सातवीला इजिप्तच्या हॅटशेपसुट राणीची गोष्ट सांगितली. वीसेक वर्षं तिने राज्य चालवलं, देवळं बांधली, दूरदेशी जहाजं पाठवली. ती गेल्यावर मात्र तिचं नाव भिंतींवरून छिन्नीने खरवडून काढलं. सांगताना बाईंचा आवाज नको तितका चढला.

"पण बाई, नाव मिटवलं तर तुम्हाला कसं मालूम?" हर्षदाने विचारलं.

"सगळीकडून नाही निघालं, बाळा. काही भिंतींवर राहिलं."

दुसऱ्या दिवशी सकाळी फलकावरच्या त्या कोऱ्या जागेत कुणीतरी खडूने मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं, प्रमिलाबाई. कितीतरी दिवसांनी बाईंना हसू आलं. त्या बघत उभ्या होत्या, तेवढ्यात मागून बोरसेसर आले आणि त्यांनी डस्टर पुढे केलं.

"शाळेची शिस्त तुमच्याकडेच आहे ना, बाई? कुणी लिहिलं ते नंतर शोधा. आधी हे पुसा."