तिसरी प्रत

एकाच गेम कन्सोलच्या, एकाच केबलने, वीस मिनिटांच्या विश्रांतीने घेतलेल्या दोन प्रती एकमेकींशी जुळल्या नाहीत.

संगणकाने प्रत्येक प्रतीची चौसष्ट अक्षरी खूण काढली होती. प्रतीत एक टिंब बदलले तरी अख्खी खूण बदलते. संघप्रियाने दोन्ही खुणा अक्षर न् अक्षर वाचल्या. पहिल्याच अक्षरापासून मेळ नव्हता.

"जुळंना?" मागून चन्नम्माने विचारले.

"नाही, अव्वा."

कन्सोल मुलांच्या खेळण्याचा होता, पण चन्नम्मा त्यावर खेळत नसे. चादरीच्या नक्ष्या काढी. त्यातल्या चित्रे काढायच्या प्रोग्राममध्ये पडद्यावर चौकटी येत, आणि एक चौकट म्हणजे एक धागा हा हिशेब तिला ग्राफच्या कागदावरून पाठ होता. नऊ वर्षांत तीनशे चाळीस नक्ष्या झाल्या. कागदावर एकही नव्हती. त्या बाहेर काढण्याची सोय निर्मात्याने ठेवलेली नव्हती. त्यासाठी यंत्रात बाहेरचे फर्मवेअर, म्हणजे यंत्र चालवणारे मूळ सॉफ्टवेअर, बसवावे लागणार होते. बसवताना काही बिघडले तर मागे येण्यासाठी यंत्राच्या मेमरीची संपूर्ण प्रत आधी हाताशी हवी, आणि ती खात्रीची हवी. भौतिकशास्त्रात एम.एस्सी. करून दुरुस्तीचे दुकान चालवणाऱ्या संघप्रियाच्या लेखी खात्रीची म्हणजे दोनदा सारखी आलेली.

दारात रेवणसिद्ध उभा राहिला. अक्कलकोट रोडवरच्या या कारखान्याचा मालक आणि चन्नम्माचा पुतण्या.

"मॅडम, सकाळधरनं काय करलालाव? टाका की ते एकदाचं. नवीन माग नक्षीची भोकं पाडलेली पुठ्ठ्याची कार्डं घेत न्हाय, त्याला फाइल लागती. चारला मिळाली न्हाय तर मी बाहेरची तयार डिझाइनं घेणार. मग काकीनं घरी बसायचं."

"यातली मेमरी मरत असेल तर टाकतानाच यंत्र बंद पडेल. नक्ष्या आत राहतील. कायमच्या."

"असंल, नसंल. मिक्सर दुरुस्त करणारा बी एका वाक्यात सांगतोय."

"त्याला सांगायला काय जातंय?"

"रेवण्णा, गप की जरा," चन्नम्मा म्हणाली.

खाली बारा यंत्रमाग चालू होते. टेबल थरथरत होते, टेबलावरची केबलही. संघप्रियाने केबलवर बोट ठेवून पाहिले.

"माग बंद करा. तासभर."

"बाराच्या बारा?"

"बाराच्या बारा."

रेवणसिद्धने तिच्याकडे पाहिले, मग काकीकडे. तो जिना उतरला. शेवटचा माग थांबलेला स्वतः पाहावा म्हणून संघप्रियाही त्याच्यामागे गेली. ती वर आली तेव्हा शेडमध्ये पंख्यांचाच आवाज उरला होता. तिने तिसरी प्रत लावली. तिला चाळीस मिनिटे लागली.

तिसरी प्रत पहिलीशी जुळली नाही. दुसरीशीही नाही.

"आता?" रेवणसिद्धने विचारले. घड्याळात दोन वाजले होते.

"मागांचा दोष नाही. चालू करा."

केबल सकाळीच तपासलेली होती, यंत्रात घालायचे मेमरी कार्डही. आता मेमरी मरते आहे, एवढे एकच कारण उरते, असे कोणीही म्हटले असते. संघप्रियालाही तेच वाटत होते. पण उरलेले कारण केवळ उरले म्हणून मानायची तिला सवय नव्हती. तिने तिन्ही प्रती शेजारी शेजारी मांडल्या आणि त्या नेमक्या कुठे वेगळ्या आहेत ते शोधायला लावले.

मरणारी मेमरी कुठेही चुकते. इथे लाखो आकड्यांत फरक एकाच जागी होता, मोजून आठ आकड्यांचा. तिने ते कागदावर उतरवून उलगडले. ती वेळ निघाली. पहिल्या प्रतीत कालची संध्याकाळ. दुसरीत आज, बारा वाजून चार मिनिटे. तिसरीत आज, एक वाजून अकरा.

"अव्वा, एक वाजून अकरा मिनिटांनी मी कुठे होते?"

"खाली. माग बंद करायला गेलतीस."

"आणि बाराला?"

"हात धुवाया."

"त्या वेळी तुम्ही काय केलंत?"

"उगडून बगितलं. पयली नक्षी आन् शेवटची. मागावरनं कार्डाची माळ उतरली की पयलं आन् शेवटचं कार्ड बगूनच गाठ मारायची असती. तुजी प्रत काढून झाली, म्हणून बगितलं. नुसतं बगितलं. बदललं कायबी न्हाय."

"काकी," रेवणसिद्ध म्हणाला आणि भिंतीला टेकला.

संघप्रियाने चौथी प्रत लावली. चन्नम्मा खिडकीजवळच्या खुर्चीवर जाऊन बसली, दोन्ही हात मांडीवर, नजर यंत्रावर. तीनला काही मिनिटे असताना खूण आली. चौसष्टच्या चौसष्ट अक्षरे तिसऱ्या प्रतीशी जुळली.

फर्मवेअरचे कार्ड आत सरकवण्याआधी संघप्रियाने वही ओढली आणि आजच्या तारखेखाली लिहिले :

मेमरी ठीक. माग निर्दोष. नक्षी उघडली की यंत्र ती उघडल्याची वेळ आत नोंदवते. पहिल्या आणि दुसऱ्या प्रतीनंतर अव्वांनी नक्ष्या जागेवर आहेत का, हे पाहिले.