मथुराबाईंच्या श्वासातली धूळ

दवाखान्यात भागोजी वाघचौऱ्यांनी फुप्फुस तपासणाऱ्या यंत्राच्या नळीत फुंकलं. पोल्ट्रीच्या बंद शेडमध्ये बारा वर्षं काढूनही यंत्रानं त्यांचं फुप्फुस स्वच्छ दाखवलं, कारण कामावर ते गाळलेली हवा देणारा, चेहरा झाकणारा टोप घालत. सोबत आलेल्या बायकोनं, मथुराबाईंनीही सहज फुंकून पाहिलं.

डॉक्टरीणबाई पडद्याकडे बघतच राहिल्या. "यंत्राला धूळ कुठली, किती जुनी, सगळं कळतं. यांच्या श्वासातली ही कोंबड्यांच्या शेडमधली आहे, बारा वर्षांची. त्यात जिवाणूंचं विषही आहे."

"पण हिनं शेडमध्ये कधी पाऊलही टाकलं नाही," भागोजी म्हणाले.

"घरी तुमचे कामाचे कपडे कोण झटकतं?"

मथुराबाईंनी खोकला दाबत हळूच विचारलं, "धुण्याआधी झटकायचे नव्हते का?"