सोन्याची रेघ

"मग चढवते सोनं," ती म्हणाली. पण बोट बटणावर तसंच राहिलं.

निर्वात डब्याच्या काचेआड तिचा स्फटिक होता, तांदळाच्या कणीएवढा आणि आरशासारखा लखलखीत. त्यातले अणू टोपलीच्या विणीसारखे, त्रिकोणाला त्रिकोण टेकवून बसलेले. अशा धातूला थंड करत नेलं की उणे एकशे ऐंशीच्या आसपास आतल्या विद्युतभाराची लाट बनते. त्याच वेळी त्याच्यावरून परतणारा प्रकाश एकदम किंचित घटतो. ती घट तिला आज सकाळी पाचव्यांदा दिसली होती. तीन वर्षांचा सगळा प्रबंध त्यावर उभा होता.

"घट आहे, मान्य," तिचे मार्गदर्शक सर म्हणाले. "पण कुणाची? थंडीनं स्फटिकाखालचा दांडा आकसतो. झटका बसून नमुना किरणाखालून सरकला, तरी प्रकाश घटणारच."

"माझा दांडा?" तांब्याचा तो दांडा घडवणारे वर्कशॉपचे काका दारातूनच कडाडले. "एक वेळ माझा जावई जागचा हलेल, दांडा हलायचा नाही!"

सोक्षमोक्ष लावायचा तर एकच उपाय होता. त्याच स्फटिकावर, आहे त्या जागी सोन्याचा मुलामा चढवायचा आणि पुन्हा तेवढंच थंड करायचं. सोन्यात असली लाट बनत नाही. त्याच्यावरही घट दिसली तर दोष दांड्याचा, आणि तीन वर्षं पाण्यात. शिवाय मुलामा चढला की हा स्फटिक कायमचा झाकला जाणार. ताजा पृष्ठभाग मिळावा म्हणून चिकटपट्टीनं पापुद्रे काढून काढून तो शेवटच्या थरावर आला होता आणि दुसरा जवळ नव्हता.

"सर, त्याआधी अजून एकदा मोजून घेऊ?"

"आठवडाभर तेच चाललंय तुझं."

"सोन्याला घाबरणारं माणूस पहिल्यांदाच बघतोय," काका म्हणाले.

"एवढ्या सोन्यात मुंगीची चमकीसुद्धा होणार नाही, काका," ती म्हणाली, आणि हसता हसताच तिनं बटण दाबलं.

आतली तार तापून लाल झाली. स्फटिक पिवळा पडला.

मग थंड करणं सुरू झालं. पडद्यावर परतणाऱ्या प्रकाशाची रेघ हळूहळू पुढे सरकू लागली. उणे एकशे सत्तर. सर चष्मा पुसत होते, पुसलेलाच पुन्हा पुसत होते. एकशे अठ्ठ्याहत्तर. तिनं टेबलाची कड घट्ट धरली. एकोणऐंशी. ऐंशी. ब्याऐंशी. रेघ सरळच होती.

ती किंचाळली. शेजारच्या खोलीतले चौघे धावत आले.

"काय झालं? स्फोट?"

"काही नाही झालं!" ती उड्या मारत म्हणाली. "अहो, काहीच नाही झालं!"

चौघांनी सरांकडे पाहिलं.

"सोनं गप्प बसलंय," सर म्हणाले. "म्हणजे सकाळी बोलला तो स्फटिकच. काका, तुमच्या दांड्याची माफी मागतो."

काकांनी ती ऐटीत स्वीकारली.

"अजून खाली जाऊ दे," सर म्हणाले आणि स्टूल ओढून तिच्या शेजारी बसले. बाकीचेही मागे दाटीनं उभे राहिले. एकेक अंश उतरत गेला. दर अंशाला काहीच घडत नव्हतं आणि दर अंशाला टाळ्या पडत होत्या.