बिनऔषधाचा उंदीर

उंदीर थांबायला तयार नव्हता.

खामगावच्या कॉलेजातल्या प्रयोगशाळेत, पाण्याने भरलेल्या काचेच्या बरणीत पांढरा उंदीर गोल गोल पोहत होता. शैलजाच्या हातात घड्याळ होतं. शेजारी खुर्चीवर काळी टोपी घातलेले देशकर सर, नागपूरहून आलेले तिचे मार्गदर्शक. आज त्यांचं समाधान झालं तरच तिचा प्रबंध पुढे जाणार होता.

"याला इमिप्रामिन दिलंय?"

"नाही सर. नुसतं मिठाचं पाणी टोचलंय."

"मग याने एव्हाना हातपाय सोडून तरंगायला हवं."

शैलजालाही ते ठाऊक होतं. मेंदूतल्या पेशी सेरोटोनिन हे मन सावरणारं रसायन सोडतात आणि लगेच परत शोषून घेतात. इमिप्रामिन हे नैराश्यावरचं औषध ते शोषणं अडवतं. म्हणून औषधाचा उंदीर उशिरापर्यंत धडपडतो, बिनऔषधाचा लवकर हार मानतो. पण तिच्याकडचे सगळेच सारखे पोहत होते.

"मग औषधाने केलं काय?" सर म्हणाले. "की दोन वर्षं तुम्ही उंदरांना पोहायला शिकवत होता?"

दार ढकलून शिपाईण सोजराबाई चहा घेऊन आली. उंदीर गर्रकन वळला आणि तिच्या बाजूच्या काचेला पुढचे दोन्ही पाय टेकवून उभा राहिला.

"काऊन बे, आज बी टाकलं तुले?" कपबशा ठेवता ठेवता ती म्हणाली, आणि कोणी काही बोलायच्या आत तिने त्याला उचलून पदरात घेतलं.

"सोजराबाई!" शैलजा ओरडली.

सरांनी हात वर करून तिला थांबवलं. "रोज काढता का याला?"

"सगळ्याइलेच काढतो जी. मोजायच्या एक दिवस आंधी मॅडम यायले पाण्यात सोडतेत अन् वर्गावर जातेत. मी काढून पुसतो. घंटा झाली का पुन्हा सोडतो. मॅडमले वाईट नको वाटाले."

"पण का?"

"आमच्या पिंपळगावात विहिरीत कुत्रं पडलं तरी टोपलं सोडतेत सर. हे तं गणपतीचं वाहन."

सरांनी तिला बाहेर पाठवलं, दार लावून घेतलं आणि शैलजाला उंदीर पुन्हा पाण्यात सोडायला सांगितलं.

उंदीर पोहू लागला. तोंड दाराकडे.

"सर, चहा थंडा होऊन राह्यला," बाहेरून आवाज आला. उंदराने वेग वाढवला.

सरांनी घड्याळाकडे पाहिलं. मग दाराकडे. मग डोक्यावरची टोपी काढली, उलटी केली आणि हळूच पाण्यात उतरवली. उंदीर सवयीने तिच्यात चढून बसला.

"सर, अजून वेळ संपली नाही," शैलजा पुटपुटली.

"तुमचं काम चुकलेलं नाही. नवे उंदीर आणा, सोजराबाईंना न भेटलेले. पुन्हा मोजा."

"आणि हा?"

"हा आता आपल्या उपयोगाचा नाही," सर म्हणाले, आणि खिशातला रुमाल काढून त्याची पाठ पुसू लागले.