हंसाबाईच्या ओढणीतल्या काचा

१९६१ साली पांढरकवड्याचा घनश्याम फोटोवाला स्टुडिओतला रंगवलेला पडदा सोडून पहिल्यांदाच बंजाऱ्यांच्या तांड्यावर गेला. हंसाबाईच्या काचा जडवलेल्या ओढणीवर सकाळचं ऊन पडलं, आणि त्याला काय करू नि काय नको असं झालं. घाईघाईनं तिपाई रोवून त्यानं कॅमेऱ्याचं काळं कापड डोक्यावर घेतलं.

"हालू नका, बाई."

"मी कायले हालू? तुमच्या संगच्या माणसाले सांगा. तोच हालून राह्यला."

घनश्याम एकटाच आला होता. तो हसला आणि त्यानं फोटो काढला.

दुसऱ्या दिवशी अंधारखोलीत, लाल दिव्याखाली फोटो उमटला तेव्हा तो हरखूनच गेला. इतका जिवंत चेहरा त्याच्या हातून आजवर उतरला नव्हता. ओढणीवरची एकेक काच लख्ख आली होती. त्यानं भिंग लावलं. प्रत्येक काचेत तिपाई होती, काळं कापड होतं, आणि कापडाखाली माणसाचे चार पाय होते. दोन त्याच्या बुटांतले, दोन अनवाणी.

तेच कापड आता मागच्या खुंटीला टांगलेलं होतं. घनश्याम हळूच वळला.

कापडाखाली दोन अनवाणी पाय होते. ते अजिबात हालत नव्हते.