शालीच्या गाठी

"या गाठी म्हणजे नुसता हिशेब नव्हे, इंकांची भाषा आहे!" अँडीजमधल्या भग्न कोठारापाशी, गाठी मारलेली दोरी नाचवत त्र्यंबकराव वाटाड्याला बजावत होते. उभी हयात त्यांनी याच वादात घालवली होती.

"मग वाचा की, प्रोफेसर!" वाटाड्या हसला.

भिंतीला टेकून त्यांच्या पत्नी कुमुदताई बसल्या होत्या. पक्षाघाताने त्यांची वाचा नेली होती, अक्षरओळखही. त्र्यंबकराव वळले, तेव्हा त्या शालीच्या दशांना गाठी मारत होत्या.

"काय गं? पाणी हवंय? थंडी वाजतेय? परत जायचंय का?"

प्रत्येक प्रश्नाला मान नकारार्थी हलली. शालीचे टोक त्यांनी नवऱ्याच्या हाती दिले. त्र्यंबकरावांनी गाठींवरून बोटे फिरवली, चष्मा पुसून पुन्हा फिरवली. काहीच उमगेना.

कुमुदताईंनी वाट पाहिली, शाल ओढून घेतली आणि आणखी एक गाठ मारली.