तीन मैलांवरचा जावई

"इतक्या लांब मी मुलगी देणार नाही," झुल्मीरा मेडेरॉस सूप ढवळत म्हणाली.

"लांब? तीन मैलांवर राहतो गं तो!" लुसिंडा म्हणाली.

"पण मॅसॅच्युसेट्समध्ये ना! आपल्या लोकांना त्यांनी भर हिवाळ्यात हाकलून दिलं. का, तर म्हणे सारखी हुज्जत घालतात! म्हणून बिचाऱ्यांना हे ऱ्होड आयलंड वसवावं लागलं."

"त्याला चारशे वर्षं होत आली, आई. आणि आपण तेव्हा अझोर्स बेटांवर मासे पकडत होतो."

"म्हणून काय विसरायचं?"

लुसिंडाचा एल्डनवर जीव जडला होता, पण आईचं मन मोडायची तिची छाती नव्हती. शेवटी आईने अट घातली. एल्डनने जेवायला यावं, पण फोनमधला नकाशा न बघता, ती सांगेल त्या वाटेने. वाट तिने इथल्या रिवाजाप्रमाणे सांगितली. जिथे बेकरी होती तिथून सरळ यायचं, मग डाव्या हाताला ब्रोचचा कारखाना होता, तिथे वळायचं. बेकरी वादळात गेली तेव्हा एल्डनचा बापही जन्मला नव्हता. कारखाना पाडून तिथे आता कुत्र्यांचं ब्यूटी पार्लर झालं होतं. लुसिंडाने कपाळाला हात लावला.

जेवायची वेळ टळली. सूप निवलं. आईचा चेहरा मात्र फुलत चालला होता.

एवढ्यात अंगणात एकच गलका उठला. एल्डनच्या गाडीतून तीन म्हातारे उतरले. वाट दाखवायला त्याने एकाला बसवलं, तो चुकतोय म्हणून दुसरा चढला, आणि दोघेही मूर्ख आहेत म्हणून तिसरा. कारखाना नक्की कुठे होता, यावरून तिघांची चांगलीच जुंपली होती.

झुल्मीरा पळी घेऊनच बाहेर धावली. "अरे मेल्यांनो, उभी हयात तिथे ब्रोचना मागून पिना जोडण्यात गेली माझी! डावीकडे होता!"

म्हातारे गाडीच्या आडोशाला सरकले.

"उजवीकडे होता, काकू," एल्डन म्हणाला.

लुसिंडाने डोळे गच्च मिटले. संपलं सगळं.

"तू शिकवणार मला?"

"चुकताय, तर शिकवायलाच हवं. उजवीकडच्या कुंपणाखाली मी स्वतः उकरून पाहिलं." त्याने खिशातून मातीने माखलेल्या मूठभर पिना काढून पायरीवर ओतल्या. "इथे उपाशी बसवलंत तरी मी माघार घेणार नाही."

झुल्मीराने त्याला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं.

"लुसिंडा, सूप गरम कर," ती म्हणाली. "याला ते मॅसॅच्युसेट्सवाले आज ना उद्या हाकलणारच आहेत."